गाडी तापते हो, पण कधी तापते?

डॉक्टरकडे जाऊन नुसतं "पोट दुखतं" म्हटलं, तर ते लगेच औषध लिहीत नाहीत. कुठे दुखतं, जेवणाआधी की नंतर, रात्री झोपेतून उठवतं का, असं विचारत बसतात. गाडीच्या बाबतीत मात्र आपण गॅरेजमध्ये शिरतो, "गाडी गरम होतेय" एवढंच सांगतो आणि समोरचाही काही न विचारता म्हणतो, "रेडिएटर उतरवायला लागेल."

माझी १९९८ सालची मारुती ८०० अशी तीन महिने तीन गॅरेज फिरली. सिंहगड रोडवर माणिकबागेपाशी रांग लागली की तापमानाचा काटा चढायचा. (तिथला उड्डाणपूल होण्याआधीची गोष्ट.) पहिल्या ठिकाणी रेडिएटर धुऊन दिला. दुसऱ्या ठिकाणी थर्मोस्टॅट काढून माझ्या हातात ठेवला आणि "आता बघा" म्हणाले. तिसऱ्यांनी वॉटर पंप बदलला. पैसे गेले, काटा मात्र माणिकबाग आली की पुन्हा वर. खरा दोष निघाला दोन वायरींच्या अदलाबदलीचा, आणि तो सापडायला एक रुमाल पुरला. ते पुढे येईलच. पण तिघांपैकी एकानेही "कधी तापते?" असं विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की फक्त गर्दीत. सातारा रस्त्याला ऐंशीच्या वेगात काटा अर्ध्याच्या खाली गपगार बसलेला असतो. या एका उत्तराने रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंप हे तिन्ही संशयित मागे पडले असते.

इंजिनातली उष्णता येते कुठून आणि जाते कुठे, हे आधी पाहू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाजूल ऊर्जा असते. तिचा चौथा ते तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त धुराबरोबर सायलेन्सरमधून जातो आणि जवळपास एक तृतीयांश इंजिनाच्या धातूत शिरतो. हा शेवटचा वाटा पाण्याने उचलून रेडिएटरपर्यंत न्यायचा आणि हवेत सोडायचा असतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी, लिटरला १५ देणारी गाडी तासाला चार लिटर पेट्रोल जाळते. हिशेब केला तर पाण्याने बाहेर काढायची उष्णता होते सुमारे १२ किलोवॅट, म्हणजे बाथरूममधले दोन किलोवॅटचे सहा गीझर एकदम चालू! आणि हे सपाट रस्त्यावर. घाटात पेट्रोल दुप्पट-तिप्पट लागतं, तेव्हा गीझरही त्याच हिशेबाने वाढवा. छोट्या गाडीत पाणी असतं साडेतीन-चार लिटर. म्हणजे पाणी फिरायचं थांबलं तर काटा मधल्या रेघेवरून लालवर जायला दोन-तीन मिनिटं पुरतात. "आत्ता तर ठीक होती" असं प्रत्येक जण म्हणतो, ते खोटं नसतं.

पाणी फिरतं कसं? पंप ते ढकलतो. गार इंजिनात थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी इंजिनातच गोल फिरवतो, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण भरलेली पितळी डबी असते. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत ८२ किंवा ८८ अंशांच्या आसपास ते मेण वितळतं, फुगतं आणि झडप उघडतं. मग पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातं आणि नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांमधून हवा वाहते. वेगात ती हवा फुकट मिळते. गाडी उभी असली की पंखा ओढून आणतो.

आता टोपी. रेडिएटरची कॅप हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांना उकळतं. महाबळेश्वरला तर ९६च्याही खाली. इंजिन चालतं नव्वदीत, म्हणजे जेमतेम सात-आठ अंशांची उसंत. ती वाढवण्यासाठी कॅप पाणी दाबाखाली ठेवते, अगदी कुकरसारखं. जुन्या गाड्यांच्या कॅपवर बहुतेक ०.९ असा आकडा असतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण तेवढे बार जास्त दाब. एवढ्या दाबाखाली तेच पाणी ११७-११८ अंशांपर्यंत उकळत नाही. पाण्यात निम्मं कूलंट (त्यासाठी मिळणारा रंगीत द्राव) असेल तर आणखी सात-आठ अंश वर.

कॅपचं रबर चिरलं, स्प्रिंग मऊ पडली, की ही सगळी कमाई जाते. इंजिन आहे तेवढंच तापतं, पण पाणी मात्र उकळून रेडिएटरला जोडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत आणि बाटलीतून रस्त्यावर. कॅपमध्ये उलट्या दिशेने उघडणारी आणखी एक छोटी झडप असते. इंजिन गार होताना पाणी आकसतं, तेव्हा बाटलीत गेलेलं पाणी ती परत आत ओढून घेते. ती अडकली तर गार गाडीचा वरचा होज पाइप (इंजिन आणि रेडिएटर जोडणारा रबरी पाइप) चपटा झालेला दिसतो, कुणी आतून हवा शोषून घेतल्यासारखा. बाटली काठोकाठ आणि रेडिएटर रिकामा, ही जोडी दिसली तर इतर काहीही उघडण्याआधी कॅप बदला. नवी घेताना जुनी बरोबर न्या आणि आकडा जुळवा. नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत, तिथे "मारुतीची कॅप" एवढंच म्हटलंत तर हाताला येईल ती मिळेल. जास्त दाबाची कॅप लावून "मजबूत" केल्याचा आव काही जण आणतात. पंचवीस वर्षांच्या होज पाइपांना तो मजबूतपणा झेपत नाही.

आणि हो, तापलेल्या गाडीची कॅप उघडायची नाही. फडक्याने नाही, अर्धी फिरवून नाही, "जरा वाफ सोडतो" म्हणूनही नाही. कुकरची वाफ जिरण्याआधी आपण झाकण उघडत नाही, त्याचं कारण इथेही तेच आहे. दाब गेला की ११० अंशांवरचं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

गर्दीत तापते, हायवेला नाही

हा प्रकार बहुतेक वेळा हवेचा. पाणी नीट फिरतंय आणि रेडिएटर नीट गार करतोय, हे वेगात सिद्ध झालेलंच आहे. म्हणजे उभ्या गाडीत हवा येत नाही आणि संशय पंख्यावर.

गाडी सावलीत उभी करा, सुरू ठेवा, एसी बंद. काटा मध्याच्या थोडा वर गेला की पंख्याचा घर्र आवाज यायला हवा. आला नाही तर क्रमाने पाहा: फ्यूज, रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारी डबी), स्विच, मोटर. जुन्या गाड्यांत रेडिएटरवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरावर दोन वायरींचा एक स्विच असतो. पाणी ठरावीक तापमानाला आलं की तो पंखा लावतो. त्याच्या दोन वायरी काढून चावी चालू ठेवून एकमेकींना जोडा. पंखा फिरला तर मोटर, फ्यूज आणि वायरिंग ठीक, स्विच गेलेला. नाही फिरला तर मोटरला थेट बॅटरीवरून करंट द्या. पाच मिनिटांचं काम, पण हात आणि शर्टाची बाही पात्यांपासून लांब ठेवा, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो. इंजिनाचा कारभार कॉम्प्युटर पाहतो अशा नंतरच्या गाड्यांत मात्र वायरी जोडायचा हा उद्योग करू नका. तिथे स्विचच्या जागी सेन्सर असतो आणि गणित वेगळं असतं.

माझ्या गाडीचा पंखा तर वेळेवर लागायचा, म्हणून तिन्ही ठिकाणी कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. शेवटी ओळखीचे एक निवृत्त मेकॅनिक काका गाडी पाहायला आले. त्यांनी खिशातला रुमाल काढला, जाळीसमोर धरला आणि म्हणाले, "हे बघा." रुमाल जाळीला चिकटायच्या ऐवजी माझ्याकडे उडत होता. पंखा उलटा फिरत होता! चार महिन्यांपूर्वी मोटर बदलताना दोन वायरी अदलाबदल झाल्या होत्या. पंखा रेडिएटरच्या मागे असो वा पुढे, हवा गाडीच्या नाकाकडून इंजिनाकडे जायला हवी. माझा पंखा इंजिनाची गरम हवा पुढे फेकत होता आणि तीच पुन्हा आत येत होती. हायवेला वाऱ्यावरच काम भागायचं, पंखा लागायचाच नाही, म्हणून तिथे सगळं छान. काकांनी वायरी बदलल्या, चहा घेतला आणि पैसे घेतले नाहीत. मी तेवढ्यात तीन बिलांची बेरीज मनात केली.

एसीच्या गाडीत एक मजेशीर खूण मिळते. एसी लावल्यावर काटा वर जायला हवा, कारण भार वाढतो आणि एसीची जाळी रेडिएटरच्या पुढेच तापत असते. पण कधी कधी उलटं होतं: गर्दीत एसी लावला की काटा खाली येतो. याचा अर्थ एसीचा पंखा जे काम करतोय ते रेडिएटरचा पंखा करत नाहीये.

ॲम्बॅसिडर किंवा पद्मिनी बाळगणाऱ्यांचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. तिथे पट्टा आधी पाहा. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबावा. जास्त दबत असेल तर तो घसरतोय. काही मोठ्या डिझेल गाड्यांत पंखा आणि इंजिन यांच्यात तेलाचा कपलिंग असतो. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा. त्याने विरोध केला पाहिजे. भिंगरीसारखा गरगरला तर कपलिंग गेलं.

वेगात किंवा घाटात तापते

इथे चित्र उलटं. गर्दीत चालतं, पण खंबाटकी लागली की काटा सरकतो. पंखा निर्दोष धरा, दोष वाहत्या पाण्यात किंवा रेडिएटरच्या ताकदीत आहे.

बाहेरून सुरुवात करा. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. वर्षानुवर्षांची धूळ, किडे, सावरीचा कापूस, पावसाळ्यातला चिखल असं सगळं तिथे वाळून बसलेलं असतं आणि पुढून काहीच दिसत नाही. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे घाण आली त्या वाटेने परत जाते. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला तर पातळ पत्रे झोपतात आणि मग हवा कायमचीच बंद. बागेचा पाइप पुरतो.

आतून रेडिएटर तुंबतो तो आपल्या हाताने. पुण्यात कित्येक सोसायट्यांत बोअरचं पाणी येतं. त्या पाण्याने बादलीला आणि नळाला जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत चढतो. शिवाय साध्या पाण्याने इंजिनातलं लोखंड गंजतं आणि तो तांबडा गाळ खालच्या नळ्यांत बसतो. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?" असं म्हणणारे मला अजून भेटतात. बर्फाचा मुद्दाच नाही. नुसतं पाणी उष्णता खरं तर कूलंटपेक्षा थोडी जास्तच उचलतं. पण कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात, ती ब्लॉक (इंजिनाचा मुख्य धड), पंप आणि रेडिएटर राखतात, आणि उत्कलनबिंदूही वर सरकतो. ते डिस्टिल्ड पाण्यात मिसळायचं. एका रंगाचं दुसऱ्यात ओतू नका, काही जोड्या मिसळल्या की चिकट गाळ होतो. आणि सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. ते गोड लागतं आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात.

रेडिएटर तुंबलाय हे कळतं कसं? गाडी चांगली गरम झाल्यावर इंजिन बंद करून, चावी काढून, पुढच्या बाजूने तळहात जवळ नेत फिरवा (न टेकवता). उष्णता वरून खाली किंवा एका बाजूकडून दुसरीकडे हळूहळू कमी होत जायला हवी. मध्येच गार पट्टा लागला तर त्या नळ्यांतून पाणीच जात नाही. तापमान मोजायची लेझर बंदूक असेल तर आणखी बरं. तांबं-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर टाक्या उघडून नळ्यांत सळई घालून साफ करतात, त्याला रॉडिंग म्हणतात. ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकच्या टाकीचा असेल तर सरळ बदला. हळद टाकून गळती बंद करणारे महाभागही आहेत, आणि हळद खरंच बारीक भोक बुजवते. पण कुठलं भोक बुजवायचं हे तिला कळत नाही. हीटरच्या नळ्याही तीच बुजवते.

एप्रिलचा इथे मोठा हात आहे. रेडिएटर किती उष्णता सोडतो ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. डिसेंबरच्या सकाळी हवा २० अंश आणि पाणी ९०, म्हणजे ७० अंशांचा फरक. एप्रिलच्या दुपारी हवा ४०, फरक उरला ५०. तोच रेडिएटर, काहीही न बिघडता, तीस टक्के दुबळा झाला. म्हणून थंडीत निर्धास्त चालणारी गाडी उन्हाळ्यात "अचानक" तापायला लागते. अचानक काही नाही. तुंबण्याची सुरुवात दोन वर्षांपूर्वी झाली, कळलं आत्ता.

घाटात वरचा गिअर टाकून गाडी रडवत चढवण्यापेक्षा दुसऱ्यात थोडी मोकळी पळू द्या. पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, फेऱ्या वाढल्या की पाणी जास्त फिरतं.

पंप स्वतः क्वचित एकदम मरतो. त्याच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं, आतलं सील झिजलं की तिथून थेंब गळतात आणि वाळून रंगीत डाग पडतो. तो डाग म्हणजे पंपाने दिलेली नोटीस. बऱ्याच जुन्या गाड्यांत पंप आणि डायनॅमो एकाच पट्ट्यावर असतात. तिथे बॅटरीचा लाल दिवा आणि वर चढणारा काटा एकदम दिसले तर पट्टा तुटलाय, पुढच्या सिग्नलपर्यंतही जाऊ नका. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे इंजिनाच्या झडपा चालवणाऱ्या पट्ट्यावर असतो. तिथे पंपाची कुरकुर अजिबात खपवून घेऊ नये, कारण तो जाम झाला तर टायमिंग बेल्टही जातो.

ब्रेक धरून राहणं, क्लच घसरणं, इग्निशनचं टायमिंग मागे पडणं यांनीही इंजिन जास्त तापतं. पण यांची इतर लक्षणं आधी जाणवतात, म्हणून पुढे जातो.

सुरू करून पाच-दहा मिनिटांतच तापते

पाणी मोकळंच होत नाहीये. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला की इंजिन चटका बसेल इतकं गरम, खालचा पाइप आणि रेडिएटर जवळजवळ गार, काटा मात्र वर. घरी तपासणं सोपं आहे. थर्मोस्टॅट काढून दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. (स्वयंपाकघरातलं चांगलं पातेलं घेऊ नका. मी घेतलं होतं.) त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. पाणी उकळलं तरी मिटलेलाच राहिला तर बाद.

"काढूनच टाका ना, भारतात थर्मोस्टॅट लागत नाही" हा सल्ला पुण्यातल्या निम्म्या गॅरेजमध्ये मिळतो. ऐकू नका. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन नेहमी अर्धवट गार चालतं, पेट्रोल जास्त पितं, आणि न जळालेलं पेट्रोल तेलात उतरतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती गरम झाल्यावर मधली वाट बंद करते. ती चकतीच नसेल तर बरंच पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच परततं. म्हणजे तापू नये म्हणून काढला आणि त्यानेच तापली.

दुसरं कारण आत अडकलेली हवा, ज्याला गॅरेजमध्ये एअर लॉक म्हणतात. नुकतंच पाणी बदललं असेल तर हा संशय पहिला. सीएनजी किट बसवलं असेल तरीही. किटच्या रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) गोठू नये म्हणून इंजिनाचं गरम पाणी लागतं. ते हीटरच्या पाइपांना टी जोड देऊन घेतात. म्हणजे नवे जोड, नव्या क्लिपा, गळायला नव्या जागा, आणि रिड्यूसर उंचावर बसवला असेल तर हवेला बसायला हक्काचा पाट.

पाणी कमी होतं, पण गळताना दिसत नाही

ही सगळ्यात दुःखद शाखा. आधी सोप्या जागा पाहा. पुढच्या सीटच्या पायाशी गालिचा ओला असेल आणि काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. इंजिनाच्या कडेला गोल पत्र्याच्या टोप्या ठोकलेल्या असतात, त्या गंजून पाझरतात. गरम इंजिनावर थेंब पडला की लगेच वाळतो, खाली डबकं दिसत नाही, मागे राहतो तो पांढरा किंवा हिरवट डाग. गॅरेजमध्ये हाताने हवा भरायचा प्रेशर टेस्टर असतो, तो गार इंजिनावर लावून कॅपच्या आकड्याएवढा दाब भरतात. दहा मिनिटांत दाब उतरला तर गळती आहे. तो टेस्टर नसलेल्या गॅरेजने "हेड उतरवू या" (म्हणजे इंजिनाचा वरचा भाग) म्हटलं तर दुसरं गॅरेज शोधा.

बाहेर काहीच नसेल तर पाणी इंजिन पितंय, म्हणजे हेड गॅस्केट. हेड आणि ब्लॉक यांच्यामधला हा पातळ थर एकीकडे जळत्या वायूचा दाब अडवतो, दुसरीकडे पाणी आणि तेल वेगळं ठेवतो. सकाळी गार गाडीची कॅप काढा, सेल मारा आणि रेडिएटरच्या तोंडात पाहत राहा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, ते अडकलेल्या हवेचे. पण बुडबुडे थांबतच नसतील आणि रेस दिल्यावर वाढत असतील तर सिलिंडरचा वायू पाण्यात येतोय. कॅप लावलेली असताना मिनिटभरातच वरचा पाइप दगडासारखा कडक झाला तरी तेच, कारण एवढ्या लवकर नुसत्या उष्णतेने दाब तयार होत नाही. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, प्लगपैकी एकच धुतल्यासारखा स्वच्छ, ऑइलची कांडी काढली तर तेल दुधाळ चहासारखं. ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडी फेसाळ पिवळी साय दिसली म्हणून मात्र घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत दमटपणाने ती धरते. कांडीवरचं तेल खरं काय ते सांगतं. आणखी खात्री हवी तर निळ्या द्रावाची चाचणी मागा. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रावातून ओढतात. जळालेला वायू असला की पेट्रोल गाडीत तो पिवळा होतो.

गॅस्केट बदलायचं ठरलं तर हेड फेसिंगला (घासून सपाट करायला) पाठवण्याआधी मोजायला लावा. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की वाकतं, आणि बऱ्याच छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. हे केसाच्या जाडीपेक्षा कमी आहे, नुसत्या डोळ्यांनी "सरळ दिसतंय" म्हणून चालत नाही.

काटा खोटं बोलतो तेव्हा

कधी गाडी तापतच नाही. हेडलाइट लावल्या की काटा दोन बोटं चढतो आणि बंद केल्या की उतरतो, हे दिसलं तर अर्थिंगची वायर घासून घट्ट करा, पाण्याला हात लावू नका. याच्या उलट प्रकार जास्त धोक्याचा. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी पूर्ण गेलं की तो वाफेत लटकतो आणि काटा खाली येऊ शकतो. "बरं झालं, उतरला" म्हणून लोक पुढे जातात आणि इंजिन सीज होतं.

ते ओळखायची युक्ती हीटरमध्ये आहे. हीटर म्हणजे केबिनमधला छोटा रेडिएटर. काटा वर जाताना एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर लावा, काचा खाली. मे महिन्यात घरच्यांच्या शिव्या खाव्या लागतील, पण दोन-तीन किलोमीटर निभावतात. आणि हीटरमधून गार हवा आली तर तिथे पाणीच पोचत नाहीये. त्याच क्षणी बाजूला घ्या. खंबाटकीच्या चढावर असाल तर डाव्या कडेला, हॅझर्ड दिवे लावून, मागच्या चाकाखाली दगड.

बोनेट उघडा आणि निदान अर्धा तास थांबा. इंजिनावर बाटलीभर पाणी ओतायचा मोह होतो. तापलेल्या धातूवर गार पाणी म्हणजे तडा. गार झाल्यावर कॅप काढून पाणी हळूहळू, शक्यतो इंजिन सुरू ठेवून भरा. तेव्हा आजूबाजूला मिळेल ते पाणी चालतं, नंतर काढून टाकायचं आहेच.

दुरुस्तीनंतर पाणी भरताना घाई होते आणि पुन्हा एअर लॉक. गाडी चढावर, नाक वर करून लावा. सहकारनगरमध्ये त्यासाठी हवे तेवढे चढ आहेत. हीटरचा खटका गरमवर, कॅप उघडी, इंजिन सुरू. होज पाइप फडक्याने धरून दाबत राहा, बुडबुडे येतात तसं पाणी खाली बसतं, तेवढं भरत जा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तिथे थांबू नका. पंखा एकदा लागून बंद झाला आणि हीटरमधून गरम हवा आली की कॅप लावा, बाटलीवर मार्करने रेघ मारा, आणि आठवडाभर रोज सकाळी, सेल मारण्याआधी, पातळी त्या रेघेशी ताडून पाहा.